भाजी, पाणी आणि रोगजंतु



मंडईंतून आणलेली कोथिंबिरीची जुडी आपण सोडतों, तेव्हां तिच्या मुळांची माती दिसते, एखादें पिवळें पान दिसतें, क्वचित् एखादी अळीहि दिसते. जें दिसतें त्याचा बंदोबस्त गृहिणी चटकन् करते. माती धुऊन जाते, पिवळें पान खुडलें जातें, अळी बाहेर पडते. परंतु जें दिसत नाहीं त्याचें काय? ज्या पाण्यावर ती कोथिंबीर वाढली, आणि ताजी दिसावी म्हणून वाटेंत जें पाणी तिच्यावर शिंपडलें गेलें, त्या पाण्याची सारी हकीकत तिच्या पानापानावर लिहिलेली असते. ती लिपि वाचण्याची विद्या मनुष्यजातीला लाभून अजून दीडशें वर्षेंहि पुरीं झालेलीं नाहींत.

भाजी नीट शिजविली कीं हा प्रश्न बहुतांशीं मिटतो. आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊक नव्हतें; तरी पालेभाजी चुलीवर चढल्यावांचून पानांत पडावयाची नाहीं, हा घरोघरचा नेम होता. परंतु कोशिंबीर, हिरवी चटणी, मुळ्याच्या चकत्या, काकडी, कांदा आणि अलीकडे शहरांतील जेवणांत मानानें येऊन बसलेलीं सॅलडचीं पानें यांना अग्नीचा संस्कार होत नाहीं. त्यांच्यावर रोगजंतु येतात कोठून, आणि त्यांना अडवावयाचें कोठें? शेतांत, मंडईंत, कीं स्वयंपाकघरांतील नळाखालीं? याचें उत्तर तर्कानें काढीत बसण्याचें कारण नाहीं. जगांतील कित्येक शहरांनीं तें मोठी किंमत देऊन मिळविलें आहे. आज त्या शहरांची हकीकत आपण पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतील मोठ्या शहरांपुढें एक नवेंच संकट उभें राहिलें. वस्ती वाढली, घरोघर नळ आले, आणि लाखों माणसांची घाण वाहून नेणारीं भुयारी गटारें बांधलीं गेलीं. ही घाण टाकावयाची कोठें? नदींत सोडली तर नदी सडते. शेतांत सोडली तर पीक जोमानें येतें. मग ती वायां कां दवडावी, असा विचार त्या काळच्या शहाण्या लोकांनीं केला. व्हिक्टर ह्यूगो यानें १८६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरींत, पॅरिसच्या गटारांवाटे समुद्रांत फुकट जाणाऱ्या या खताबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आहे. पुढें थोड्याच वर्षांत पॅरिसजवळ जेनव्हिलिये येथें शहराचें सांडपाणी शेतांतून खेळवून त्यावर भाजीपाला काढण्यास सुरुवात झाली. बर्लिनचीं गटारें बांधणारा स्थापत्यविशारद जेम्स होब्रेख्त यानेंहि शहराबाहेर सांडपाण्यासाठीं विस्तीर्ण शेतें आंखलीं. या मंडळींना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. नदी वांचविणें आणि जमिनीचा कस जमिनीला परत देणें, हे दोन्ही हेतु स्तुत्यच होते. मातींतून झिरपतां झिरपतां पाणी निवळतें, हें त्यांचें निरीक्षणहि खरें होतें. निवळलेल्या पाण्याचें त्यांना जें ठाऊक नव्हतें, तें एवढेंच कीं, त्यांत कोणी जिवंत असूं शकतो.

तें ठाऊक करून देणारीं माणसें त्याच पिढींत काम करीत होतीं. १८८० सालीं कार्ल एबर्थ यानें विषमज्वराचा जंतु, म्हणजे टायफॉइडचा जंतु, रोग्यांच्या शरीरांत पाहिला, आणि १८८४ सालीं गाफ्की यानें तो वेगळा काढून वाढवून दाखविला. त्याच १८८४ सालीं रॉबर्ट कॉख हा कलकत्त्यास पटकीचा शोध करीत होता. ज्या तलावांत लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि ज्यांतूनच प्यावयाचें पाणी नेत, अशा एका तलावाच्या पाण्यांत त्याला स्वल्पविरामाच्या आकाराचा तो पटकीचा जंतु सांपडला. दुसऱ्याच वर्षीं, १८८५ सालीं, थिओडोर एशेरिक या बालरोगवैद्यानें तान्ह्या मुलांच्या विष्ठेंत सहज आढळणाऱ्या एका जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज तो त्याच्याच नांवानें 'एशेरिकिया कोलाय', थोडक्यांत 'ई. कोलाय', म्हणून ओळखला जातो. हा आपल्या आंतड्यांतला जुना आणि बहुधा निरुपद्रवी भाडेकरी. म्हणूनच पाण्यांत किंवा पानावर तो सांपडला, तर तेथें विष्ठेचा स्पर्श झाला आहे असें खुशाल समजावें. त्याच्या कांहीं जाति मात्र अत्यंत घातक असतात, हें पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें.

रोगजंतु पाण्यांत असतात हें पटल्यावर, ते पाण्याबरोबर भाजीवर जातात काय, आणि गेले तर तेथें जगतात काय, हा पुढचा प्रश्न होता. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यखात्यांतील क्रील यानें तो १९१२ सालीं सरळ प्रयोगानें सोडविला. विषमज्वराचे जंतु मिसळलेल्या मातींत त्यानें मुळा आणि लेट्यूस लाविले. रोपें वर आलीं तीं जंतु अंगावर घेऊनच आलीं; आणि जंतूंना प्रतिकूल अशा परिस्थितींतहि ते ३१ दिवसांपर्यंत जिवंत सांपडले. मुळा महिन्याभरांत काढणीस येतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें गांभीर्य ध्यानांत येईल.

येथें कोणी म्हणेल, "मग भाजी दोनदां अधिक धुवावी, म्हणजे झालें!" पण पान म्हणजे कांचेचें तावदान नव्हे. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें तर तो एक डोंगराळ मुलूख दिसतो. त्यावर शिरांच्या कडा आहेत, लव आहे, श्वास घेण्याचीं लहान लहान रंध्रें आहेत. आणि जेथें पान खुडलें किंवा चिरलें, तेथें रस पाझरणारी जखम आहे. जंतु या खांचाखोंचांत बसतात, स्वतःभोंवतीं चिकट आवरण करून घेतात, आणि पाणी वरून वाहून जातें. उघड्या पानावर ऊन त्यांना मारतें खरें. पण कोबीच्या किंवा लेट्यूसच्या घडींत ऊन पोहोंचत नाहीं आणि ओल टिकून राहते. वाहत्या पाण्याखालीं चांगलें धुतलें तर दहांतले नऊ जंतु जातात, कधीं कधीं शंभरांतले नव्याण्णव जातात. पण आरंभीं एक लक्ष असतील तर नव्याण्णव हजार गेल्यावरहि एक हजार उरतातच. आणि कांहीं घातक जंतूंना माणूस आजारी पाडावयास शंभराहून कमी सोबतीहि पुरतात. धुण्यानें धोका कमी होतो. नाहींसा होत नाहीं. प्रयोगशाळेंतलें हें गणित पुढें शहरांच्या अनुभवानें खरें ठरविलें.

पहिलें शहर जेरुसलेम. १९७० च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत तेथें पटकीची सांथ आली आणि सुमारें दोनशें लोक आजारी पडले. पिण्याचें पाणी निर्दोष होतें. मग रोग पसरत होता कशानें? शहराच्या कडेच्या दऱ्यांमध्यें कच्च्या मैलापाण्यावर लेट्यूस आणि पार्सली यांसारख्या भाज्या वाढवून त्या शहरांत विकण्याचा प्रघात होता. बाहेरून रोग घेऊन आलेल्या थोड्या लोकांची विष्ठा गटारांत गेली, गटाराचें पाणी वाफ्यांत गेलें, आणि वाफ्यांतलीं पानें पुन्हां शहराच्या ताटांत आलीं. शोध करणाऱ्यांना पटकीचे जंतु सांडपाण्यांत सांपडले, मातींत सांपडले आणि भाजीवरहि सांपडले. अधिकाऱ्यांनीं त्या भाज्या जप्त केल्या, उभीं पिकें नष्ट केलीं, आणि थोड्याच दिवसांत सांथ थांबली. चक्र कोठेंहि तोडलें असतें तरी चाललें असतें. पण तें वाफ्याशीं तोडणें सर्वांत सोपें आणि सर्वांत खात्रीचें ठरलें.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे, कारण तेथें शत्रु एका उन्हाळ्याचा पाहुणा नव्हता. तो वर्षानुवर्षें मुक्काम ठोकून बसला होता. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाची राजधानी सांतियागो ही सुधारलेली नगरी. १९८० च्या सुमारास तेथील बहुतेक घरांत क्लोरीन घातलेलें शुद्ध पाणी नळानें येत होतें. असें असतां विषमज्वर हटेना. वाईट पाण्याच्या गांवांत शोभावें इतकें त्याचें प्रमाण होतें. आणि त्यांतहि शाळेंत जाणारीं मुलें त्याला अधिक बळी पडत. दर उन्हाळ्यांत, म्हणजे तिकडच्या डिसेंबरापासून, त्याचा जोर वाढे.

हें कोडें सोडविण्यास देशोदेशींचे वैद्य तेथें जमले. प्रथम संशय माणसांवर गेला. विषमज्वर बरा झाल्यावरहि कांहींच्या पित्ताशयांत ते जंतु घर करून राहतात. चिलीमध्यें तर पित्ताशयांतील खड्यांचा विकार फार. अशीं माणसें स्वयंपाक करीत किंवा पदार्थ विकीत असतील, तर रोग पसरेल, हा तर्क चुकीचा नव्हता. पण उन्हाळ्यांतच जोर कां, हें त्यानें उलगडत नव्हतें. मुलांना तोंडावाटे देण्याच्या नव्या लशीचे मोठे प्रयोग तेथेंच झाले आणि ते उपयोगीहि ठरले. तरी मूळ झरा कोठें आहे, तें पाहावयाचें राहिलेंच होतें.

तें पाहण्याचें साधन फार साधें निघालें. ब्रेंडन मूर नांवाच्या इंग्रज जंतुशास्त्रज्ञानें गटारांतून रोगजंतूंचा माग काढण्याची एक युक्ति १९४८ सालीं प्रसिद्ध केली होती. जखमेवर बांधतात तसल्या जाळीदार कापडाचा बोळा दोरीला बांधावयाचा आणि कांहीं दिवस वाहत्या पाण्यांत सोडून ठेवावयाचा. घागरभर पाणी तपासून जो जंतु हातीं लागत नाहीं, तो दिवसेंदिवस वाहणाऱ्या पाण्यांतून त्या बोळ्यांत अडकतो. सांतियागोच्या शेतांना पाणी देणाऱ्या कालव्यांत असे बोळे सोडले, आणि विषमज्वराचा जंतु त्यांत सांपडला. शहराच्या मैलापाण्यावर त्या काळीं जवळजवळ कांहींच प्रक्रिया होत नसे. तें मापोचो नदींत आणि ओढ्यांत जाई. आणि पाऊस नसलेल्या उन्हाळ्यांत तेंच पाणी लेट्यूस, कोबी, सेलरी यांच्या मळ्यांना दिलें जाई. जी मुलें नळाचें शुद्ध पाणी पीत होतीं, तींच शहराचें अशुद्ध पाणी पानांवाटे खात होतीं.

एवढें कळूनहि कांहीं वर्षें फारसें घडलें नाहीं. मळेवाल्यांचा धंदा होता, पाण्याला दुसरा पर्याय महाग होता, आणि विषमज्वर तर नेहमींचाच होता. जो रोग रोजचा होतो त्याची भीति मरते, हा मनुष्यस्वभाव आहे. ती भीति जागी करावयास दुसरा रोग यावा लागला. १९९१ च्या जानेवारींत शेजारच्या पेरू देशांत पटकी उद्भवली आणि त्या एका वर्षांत तेथें ३ लक्षांहून अधिक लोकांना तिनें गांठलें. एप्रिलांत ती चिलींत शिरली. आतां मात्र सरकारनें क्षणाचा विलंब केला नाहीं. मैलापाण्यावर कच्च्या खाण्याच्या भाज्या वाढविण्यास बंदी झाली, उभीं पिकें नांगराखालीं गेलीं, उपाहारगृहांत कच्ची भाजी वाढणें बंद झालें. परिणाम असा झाला कीं, त्या वर्षीं सबंध चिली देशांत पटकीचे अवघे ४१ रोगी झाले. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, ज्याच्यासाठीं हे उपाय योजिलेच नव्हते, तो विषमज्वर झपाट्यानें उतरला. दशकानुदशकें जें जमलें नव्हतें, तें वाफ्यांतलें पाणी बदलतांच एका हंगामांत झालें. पुढें २००० सालानंतर शहराचें मैलापाणी शुद्ध करणारीं मोठीं केंद्रें उभीं राहिलीं आणि तो लाभ कायमचा झाला.

या दोन्ही शहरांत गुन्हेगार पाणी होतें. आतां जें तिसरें प्रकरण सांगावयाचें, त्याचा आपल्या स्वयंपाकघराशीं अधिक जवळचा संबंध आहे. कारण त्यांतील वस्तु आहे मेथी, आणि तीहि मोड आलेली.

मोड येण्यास जें लागतें तेंच जंतूंना लागतें: ऊब, ओल आणि थोडा वेळ. अनुकूल स्थितींत कांहीं जंतु वीस मिनिटांत दुप्पट होतात. कोरड्या दाण्याच्या भेगेंत बसलेला जंतु महिनेच्या महिने निजून राहतो. दाणा भिजला कीं तोहि जागा होतो, आणि तीन-चार दिवसांत एकाचे लक्षावधि होतात. ते कोंबाच्या आंतहि शिरतात. तेथें धुण्याचें पाणी पोहोंचत नाहीं. जपानांतील साकाई शहरांत १९९६ च्या जुलै महिन्यांत शाळांतील जेवणांतून ई. कोलायच्या एका घातक जातीची बाधा झाली. नऊ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. त्यांत बहुसंख्य शाळेंतलीं मुलें होतीं आणि कांहीं दगावलीं. संशय पांढऱ्या मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर गेला. बाजारांतून मोड एकाएकीं नाहींसे झाले. तेव्हां आरोग्यमंत्री नाओतो कान यांनीं लोकांची भीति घालविण्यासाठीं सर्वांसमक्ष ते खाऊन दाखविले. तरी मोड पिकविणाऱ्यांचें नुकसान झालें तें झालेंच. आपल्यावर पुराव्यावांचून ठपका आला, अशी त्यांची तक्रार पुढें न्यायालयांतहि गेली. संशय किती लवकर पसरतो आणि पुरावा किती सावकाश चालतो, याची ही नांदीच होती.

२०११ च्या मे महिन्यांत उत्तर जर्मनींत तेंच नाटक मोठ्या रंगभूमीवर झालें. १९ मे रोजीं हांबुर्गहून बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेला वर्दी आली कीं, रक्ताची हगवण लागून पाठोपाठ मूत्रपिंडें निकामी होणारे रोगी एकाएकीं दिसूं लागले आहेत. हा विकार एरवीं लहान मुलांना व्हावयाचा; येथें धडधाकट प्रौढ माणसें, आणि त्यांतहि बहुतेक स्त्रिया, रुग्णालयांत येत होत्या. त्यांना खाण्याची चौकशी केली तर उत्तर येई: काकडी, टोमॅटो, सॅलडचीं पानें. २६ मे रोजीं हांबुर्गच्या अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर ई. कोलाय सांपडला आहे. झालें! युरोपभर काकडी कोणी हातीं धरीना. स्पेनमधल्या शेतकऱ्यांचा माल शेतांतच कुजला. रशियानें तर साऱ्या युरोपीय संघाच्या भाज्यांना दार बंद केलें. अवघ्या पांच दिवसांनीं, ३१ मे रोजीं, प्रयोगशाळेनें सांगितलें कीं, काकडीवरचा जंतु निराळ्या जातीचा आहे. रोग्यांना मारणारा तो हा नव्हे. परंतु उठलेला बाजार परत बसत नाहीं. भाजी पिकविणाऱ्यांना मदत म्हणून युरोपीय संघाला २१ कोटी युरो काढून ठेवावे लागले.

खरा मार्ग सांपडला तो ल्यूबेक शहरांतील एका उपाहारगृहांत. तेथें जेवलेल्या निरनिराळ्या मंडळींतील कांहीं लोक आजारी पडले होते. अन्वेषकांनीं रोग्यांच्या स्मरणावर विसंबणें सोडून दिलें. कोणी कोणता पदार्थ मागविला, तें देयकांवरून आणि जेवतांना काढलेल्या छायाचित्रांवरून ठरविलें. आणि त्या पदार्थांत काय काय घातलें होतें, तें थेट आचाऱ्यांना विचारलें. दहा मंडळींतील १५२ जणांचा हिशेब लागला. ज्या ११५ जणांच्या ताटांत मोड वाढले गेले होते त्यांतील ३१ आजारी पडले होते. ज्या ३७ जणांना ते मिळाले नव्हते त्यांतील एकहि पडला नव्हता. शोभेसाठीं वर भुरभुरलेले हे चार मोड पूर्वीं विचारलेल्या बहुतेक रोग्यांना आठवलेच नव्हते! काकडी डोळ्यांत भरते म्हणून ती आठवली आणि फांसावर चढली. मोड विसरले गेले म्हणून मोकळे राहिले.

१० जून रोजीं सरकारी संस्थांनीं मोडांकडे निश्चित बोट दाखविलें. बहुतेक माग लोअर सॅक्सनी प्रांतांतील मोड काढणाऱ्या एकाच मळ्यापाशीं जाऊन मिळत होते. त्याच महिन्यांत फ्रान्समध्यें बोर्दोजवळ एका समारंभांत मोड खाल्लेल्या लोकांना तोच विकार झाला. आणि त्यांचा जर्मन मळ्याशीं कांहींहि संबंध नव्हता. मग दोन्ही ठिकाणचे दाणे कोठून आले, याची कागदपत्रें उलट दिशेनें लावीत नेलीं, तेव्हां दोन्ही वाटा एका ठिकाणीं मिळाल्या: २००९ च्या अखेरीस इजिप्तहून जहाजानें आलेली १५,००० किलो मेथीदाण्यांची एक रास. त्यांतील सुमारें ७५ किलोच त्या जर्मन मळ्यांत गेले होते. दाण्यांत तो जंतु प्रत्यक्ष सांपडला नाहीं आणि इजिप्तनें आरोप नाकारला. पण दोन देशांतील दोन सांथींना जोडणारा दुसरा धागाहि निघाला नाहीं. २६ जुलै रोजीं सांथ संपल्याचें जाहीर झालें, तेव्हां एकट्या जर्मनींत ३,८४२ लोक आजारी पडल्याची नोंद झाली होती. त्यांतील ८५५ जणांच्या मूत्रपिंडांवर घाला आला आणि ५३ जण मरण पावले. कोठल्या तरी शेतांत, गोदामांत किंवा वाटेंत लागलेला एक अस्वच्छ स्पर्श दीड वर्ष कोरड्या दाण्यांत निजून राहिला आणि दोन समुद्र ओलांडून जागा झाला.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष काय? माझ्या मतें तो असा आहे: भाजीवरचा रोग स्वयंपाकघरांत जन्म घेत नाहीं, तो तेथें केवळ उघडकीस येतो. जेरुसलेम काय, सांतियागो काय, जेथें जेथें तो खरोखर थांबला, तेथें तो मुळाशीं, पाण्याशीं आणि वाफ्याशीं थांबला. गृहिणीनें भाजी आणखी एकदां धुतल्यानें सांतियागोचा विषमज्वर गेला नसता. म्हणून नगरपालिकेनें मैलापाणी शुद्ध करणें, हें भाजी धुण्याचें पहिलें काम होय. कच्च्या खाण्याच्या भाजीला द्यावयाच्या पाण्यांत विष्ठेचे निदर्शक जंतु दर १०० मिलिलिटरमागें १,००० हून अधिक नसावेत, असा दंडक जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं घालून दिला होता. पानांवर न पडतां मुळाशींच पोहोंचणारें ठिबकाचें पाणी अधिक सुरक्षित. शेणखत चांगलें कुजवून, त्याच्या राशींत ५५ अंशांची ऊब कांहीं दिवस टिकवून मगच घालावें. कच्चें शेणखत घातलें असेल तर जमिनीला टेकणारें पीक १२० दिवसांपूर्वीं काढूं नये, असा सेंद्रिय शेतीसाठीं अमेरिकेंत नियम आहे.

या गोष्टी परदेशांपुरत्या आहेत असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईंत रेल्वेच्या रुळांलगत पालक आणि माठ यांचे हिरवेगार वाफे उपनगरी गाडींतून जाणाऱ्यांच्या नजरेस वर्षानुवर्षें पडत आले. आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या नाल्याच्या पाण्याबद्दल तक्रारीहि वर्षानुवर्षें होत आल्या. त्या वाफ्यांवर राबणारा माणूस गरीब असतो आणि त्याला शुद्ध पाणी कोणी देत नाहीं. त्याची भाजी उपटून टाकणें सोपें. त्याला चांगलें पाणी देणें कठीण. परंतु खरा उपाय दुसराच आहे. सांतियागोनेंहि बंदीवर न थांबतां शेवटीं शुद्धीकरण केंद्रें बांधलीं, हें विसरूं नये.

तोंपर्यंत घरांत काय करावें? उपाय साधे आहेत. भाजी प्यावयाच्या पाण्यानें आणि वाहत्या धारेखालीं धुवावी; घमेल्यांतल्या एकाच पाण्यांत सारी भाजी बुचकळली तर एका जुडीची घाण साऱ्यांना लागते. कोबी व लेट्यूस यांचीं बाहेरचीं पानें काढून टाकावीं, उरलेलीं सुटीं करून धुवावीं. धुणें चिरण्याच्या आधीं करावें, नंतर नव्हे. कारण चिरलेल्या कडेंतून जंतु आंत शिरतात. कच्चें मांस किंवा मासे ज्या विळीवर वा सुरीनें कापले, तिनें काकडी चिरूं नये. चिरलेली कोशिंबीर उबेंत दोन तासांहून अधिक ठेवूं नये. शीतकपाटांत ५ अंशांच्या आंत जंतूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहींत. पाण्याची शंका असेल तेथें कच्चें पान खाऊं नये; सोलून खातां येईल तें सोलून खावें. मिठाच्या किंवा शिरक्याच्या पाण्याचा उपयोग होतो, तो थोडाच. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यावर एके काळीं लोकांचा मोठा भरंवसा असे. तोहि पुरा विश्वासाचा नाहीं. सर्वांत खात्रीचा उपाय अग्नि. अन्नाला आंतपर्यंत ७० अंशांची उष्णता लागली कीं बहुतेक सारे रोगजंतु थोड्या वेळांत मरतात.

मोडांच्या बाबतींत तर आपल्याला नवें कांहीं शिकावयाचेंच नाहीं. मटकी भिजवावी, फडक्यांत बांधून मोड काढावे, आणि मग फोडणी देऊन तिची उसळ शिजवावी, ही महाराष्ट्राच्या घरोघरची जुनी रीति आहे. जर्मनींत ज्या मोडांनीं ५३ माणसें नेलीं, ते मोड कढईंत पडले असते तर त्या दाण्यांतला जंतु कोणाला कळलाहि नसता. तेवढ्यासाठीं कोशिंबीर सोडावी असें मी म्हणत नाहीं. ताज्या भाजीचे गुण थोडे नाहींत, आणि भीतीनें जेवण बेचव करणें हाहि एक रोगच आहे. मोड कच्चे खाण्याऐवजीं वाफवून घ्यावे, पानें जपून धुवावीं, आणि जें आपल्या नळाखालीं धुतलें जात नाहीं त्याबद्दल आपल्या गांवच्या कारभाऱ्यांना विचारावें: ही भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, आणि आपल्या गांवाचें मैलापाणी शेवटीं जातें कोठें? हा प्रश्न जेथें नागरिकांनीं नेटानें विचारला, तेथें आज ना उद्यां त्याचें उत्तर द्यावेंच लागतें. आणि त्या उत्तरावरच आपल्या मुलांच्या ताटांतील पान निर्मळ आहे कीं नाहीं, हें ठरतें.